चहा हवा, काढा नको: हलक्या एलमध्ये कॅमोमाइल घालताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: तयार किटवर दोन-तीन वेळा बिअर करून झाली आहे. आता वीस लिटरची हलकी एल (बिअरचा एक प्रकार) करून तिला कॅमोमाइलच्या चहाची चव द्यायची आहे. टी-बॅग किती लागतील, त्या नेमक्या कधी घालायच्या, आणि चहा घातल्यावर बिअरचा फेस बसतो हे खरं का?

किती घालायचं हे आधी ठरवू, कधी घालायचं ते त्यातूनच निघेल. त्यासाठी माल्टच्या (मोड आणून सुकवलेल्या धान्याच्या) पिशवीला अजून हात लावू नका. एखादी साधी, फिकी, फारशी कडू नसलेली एल घ्या. स्वतःच्या आधीच्या बॅचची बाटली शिल्लक असेल तर उत्तमच, नसेल तर विकतची चालेल. कपभर म्हणजे २०० मिली गरम पाण्यात १० ग्रॅम सुकी कॅमोमाइलची फुलं टाका, झाकण ठेवा, सात मिनिटांनी गाळा आणि गार होऊ द्या. साखर घालू नका. चार ग्लासांत प्रत्येकी १०० मिली बिअर ओता. बिनसुईच्या सिरिंजने दुसऱ्या ग्लासात २ मिली चहा सोडा, तिसऱ्यात ४, चौथ्यात ८. पहिला तसाच राहू द्या.

२ मिलीच्या ग्लासात काहीतरी वेगळं आहे एवढंच जाणवतं, सफरचंदाच्या सालीसारखं. ४ मिलीला फूल ओळखू येतं. ८ मिलीचा पहिला घोट बहुतेकांना सगळ्यात आवडतो आणि तिथेच गडबड होते, कारण तिसऱ्या-चौथ्या घोटाला जिभेच्या मुळाशी एक कडवटपणा बसतो आणि तो हलत नाही. म्हणून एकेक घोट घेऊन निकाल लावू नका. चारही ग्लास समोर ठेवून गप्पा मारत बसा आणि अर्ध्या तासाने कुठला ग्लास रिकामा झालाय ते बघा. तो तुमचा आकडा. माझ्याकडे तो जवळजवळ नेहमी ३ ते ४ मिलीच्या दरम्यान येतो.

आता हिशेब. १० ग्रॅम फुलं २०० मिलीत, म्हणजे लिटरला ५० ग्रॅम. त्यातले ४ मिली १०० मिली बिअरमध्ये म्हणजे एका लिटर बिअरला साधारण २ ग्रॅम फुलं. आपण कपात जो चहा पितो त्यात लिटरमागे १० ग्रॅमच्या आसपास फुलं असतात, म्हणजे बिअरमध्ये त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकाच चहा उतरवायचा आहे. ऐकायला कमी वाटतं, पण बिअरमधले बुडबुडे वास थेट नाकापर्यंत आणून देतात आणि गोडवा नसल्यामुळे कडवटपणा लपत नाही. वीस लिटरला ४० ते ५० ग्रॅम फुलं पुरतात. टी-बॅगमध्ये १ ते १.५ ग्रॅम माल असतो, तेव्हा तीस-चाळीस बॅगा फोडत बसावं लागेल. त्यापेक्षा सुटी, अख्खी फुलं आणा. बॅगेत बऱ्याचदा चुरा असतो, चुऱ्यातून कडवटपणा लवकर उतरतो आणि वास आधीच उडून गेलेला असतो.

मी हे शिकलो ते अर्थातच एक बॅच घालवून. पहिल्या कॅमोमाइल एलला मी ६० ग्रॅम फुलं उकळत्या वर्टमध्ये (माल्टच्या न आंबलेल्या गोड पाण्यात) टाकली, शेवटची वीस मिनिटं. घरभर इतका सुंदर वास सुटला की मी खूश. तो वास घरभर होता याचा अर्थ तो पातेल्यात राहिला नव्हता, हे तेव्हा लक्षात आलं नाही. महिन्याभराने बाटली उघडली तर आत सर्दीवरचं औषध होतं. कॅमोमाइलचं तेल वाफेनेच काढतात. वाफेतून निघालेलं ते तेल निळं असतं. वर्ट उकळताना आपण नकळत तेच करत असतो, फक्त तेल गोळा करायला भांडं ठेवलेलं नसतं. सुगंधी तेलं वाफेबरोबर वर जातात आणि कडवट, तुरट द्रव्यं मात्र फुलातून पाण्यात उतरत राहतात.

वनस्पती पाण्यात उतरवण्याच्या रीतींना आपल्याकडे वेगवेगळे शब्द आहेत. उकळून आटवला तो काढा, गरम पाण्यात भिजवून गाळला तो फांट, आणि रात्रभर थंड पाण्यात भिजवला तो हिम. फुलं, पानं, ज्यांचा वास हाच जीव आहे त्यांचा फांट करतात. साल, मुळं, कठीण लाकडी माल असेल तर काढा. मी पहिल्या बॅचला केला तो काढा होता.

आता कधी घालायचं ते. मॅशमध्ये, म्हणजे दळलेलं माल्ट गरम पाण्यात भिजत असताना, घालणं व्यर्थ, कारण पुढे तासभर उकळी आहेच. उकळीत का नको ते सांगितलं. गॅस बंद करून वर्ट ८० अंशांपर्यंत उतरवायचं, मग फुलं पिशवीत घालून दहा मिनिटं बुडवायची, ही पद्धत पुष्कळ लोक वापरतात आणि ती वाईट नाही. फुलांवरचे जंतू त्या उष्णतेत बहुतेक मरतात आणि वेगळं काही करावं लागत नाही. पण पुढे फर्मेंटेशन, म्हणजे आंबवणं आहे. वीस लिटर हलक्या एलमधून यीस्ट साडेतीनशे लिटरहून अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं आणि तो वायू एअरलॉकमधून (भांड्याच्या एकतर्फी झडपेतून) जाताना बराच नाजूक वास सोबत नेतो. शिवाय मात्रा आधीच ठरवून टाकलेली असते. जास्त झालं तर काढून घेता येत नाही.

फर्मेंटेशन संपल्यावर सुकी फुलं थेट फर्मेंटरमध्ये (आंबवायच्या भांड्यात) टाकायची, म्हणजे ड्राय हॉपिंगमध्ये हॉप्स, बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं, टाकतात तसं, हाही मार्ग लोक सुचवतात. मी दोनदा केलं, तिसऱ्यांदा करणार नाही. कॅमोमाइलची फुलं हलकी, वर तरंगतात, वरचा थर कोरडा राहतो, खालचा भिजतो. चार-पाच दिवसांत पाण्यात आणि अल्कोहोलमध्ये मिळून जे उतरतं त्याला भिजलेल्या गवताची चव येते. थांबायचं कधी हे चाखून कळेपर्यंत वेळ गेलेली असते.

राहतो तो माझा मार्ग. बिअर पूर्ण तयार होऊ द्या, बाटलीत भरायच्या दिवशी कडक चहा वेगळा करा आणि ग्लासात ठरवलेल्या मापाने घाला. उशिरा घालण्याचे दोन फायदे आहेत. वास टिकतो, आणि निर्णय तुमच्या हातात राहतो. एक तोटाही आहे, तो प्राणवायूचा. त्याकडे पुढे येतो.

पाया म्हणून जी एल करायची ती मुद्दाम साधी ठेवा. वीस लिटर वर्ट फर्मेंटरमध्ये १.०४४ घनतेचं हवं (पाण्याची घनता १.०००, त्यावरचा आकडा मुख्यतः विरघळलेल्या साखरेचा). किटवरून पुढे आलात म्हणून एक्स्ट्रॅक्टचा (माल्टच्या तयार अर्काचा) हिशेब आधी देतो: २.४ किलो सुकं फिकं माल्ट एक्स्ट्रॅक्ट, जमलं तर त्यातलं तिसरा हिस्सा गव्हाच्या माल्टचं. धान्यापासून करणार असाल तर ३.४ किलो पेल माल्ट, ६०० ग्रॅम गव्हाचं माल्ट आणि २०० ग्रॅम म्युनिक (जरा गडद माल्ट). १२ ते १३ लिटर पाणी ७३ अंशांना तापवून त्यात दळलेलं धान्य घातलं की मॅश ६७ अंशांच्या आसपास स्थिरावतो. तिथे तासभर ठेवा. ६५ च्या खाली जाऊ देऊ नका. खाली गेलं की बिअर फार कोरडी होते, आणि कोरड्या बिअरमध्ये कॅमोमाइलचा कडूपणा उघडा पडतो. गव्हाचं माल्ट चवीसाठी कमी आणि फेसासाठी जास्त, ते वगळू नका.

हॉप्सचा हात आखडता घ्या. ५ टक्के अल्फाचे (कडवटपणा देणाऱ्या आम्लाचे) २८ ग्रॅम हॉप्स पूर्ण तासभर उकळले की १६-१७ आयबीयू (कडवटपणाचं माप) मिळतात, तेवढे पुरे. साझ किंवा हालरटाऊसारखे मवाळ, फुलांच्या अंगाचे हॉप्स कॅमोमाइलशी जमतात. आंबट फळांचा भडक वास असलेले नवे अमेरिकन हॉप्स शेवटी टाकलेत तर चहा घातला काय आणि न घातला काय, सारखंच. शेवटचे सुगंधी हॉप्स मी या बिअरमध्ये घालतच नाही. ते काम चहा करणार आहे. युरोपात हॉप्स सर्रास वापरात येण्याआधी बिअरला चव द्यायला ग्रूट नावाचं वनस्पतींचं मिश्रण वापरत, त्यात यारो, बॉग मर्टल अशा झाडपाल्याचा भरणा असे. बव्हेरियात १५१६ मध्ये जो कायदा झाला त्यात बिअरसाठी जव, हॉप्स आणि पाणी एवढंच मान्य केलं होतं. ग्रूटचं नाव काढून कोणी हॉप्सच वगळायला सांगेल. पहिल्या खेपेला वगळू नका. हॉप्समुळे बिअर आंबट करणाऱ्या बऱ्याच जिवाणूंना आळा बसतो, आणि तुम्ही बाहेरून झाडपाला आत आणणार आहात.

यीस्ट तटस्थ वृत्तीचं घ्या, स्वच्छ अमेरिकन एल यीस्टची ११ ग्रॅमची पुडी पुरते. १८ अंशांना आंबवा. खोलीचं तापमान नव्हे, फर्मेंटरच्या अंगावरचं. जोरात आंबत असताना आतलं वर्ट बाहेरच्या हवेपेक्षा दोन-तीन अंश गरम असतं. केळं-लवंगेचा वास देणारं गव्हाच्या बिअरचं यीस्ट कॅमोमाइलशी भांडतं. बेल्जियन यीस्ट कधीकधी सुरेख जमतं, पण आधी साध्यावर हात बसू द्या.

घनता १.००९ च्या आसपास थांबली आणि तीन दिवस हायड्रोमीटरवर (घनता मोजणाऱ्या तरंगत्या नळीवर) तोच आकडा दिसला की बिअर तयार. १.०४४ वजा १.००९ म्हणजे ०.०३५, गुणिले १३१ केलं की ४.६ टक्के अल्कोहोल. चहा आणि साखरेचं पाणी मिळून लिटरभर पाणी पडणार आहे, त्यामुळे बाटलीतला आकडा ४.४ च्या जवळ येतो. पाया सुरुवातीलाच थोडा दाट ठेवला तो याचसाठी. हलक्या बिअरमध्ये एवढं पाणीही जाणवतं. मी एकदा आधीच ३.५ टक्क्यांची बिअर करून तिच्यात दीड लिटर चहा ओतला होता. पिणाऱ्याने विचारलं, हा सोडा कुठला?

पाण्याचा मुद्दा इथेच उरकतो, कारण तो लोक शेवटी विचारतात, सगळं बिघडल्यावर. नळाच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असेल तर ते फिनॉलवर्गीय द्रव्यांशी जोडलं जाऊन क्लोरोफिनॉल तयार होतं. त्याची चव बँडेज किंवा दवाखान्यासारखी लागते आणि अगदी नखभर प्रमाणातही कळते. वनस्पतींत फिनॉल भरपूर. बिअर 'औषधी' लागते म्हणून कॅमोमाइलला शिव्या पडतात, पण पुष्कळदा दोष पाण्याचा असतो. क्लोरीन उकळून बरंचसं जातं, क्लोरामाइन सहजी जात नाही. वीस लिटर पाण्याला अर्धी कॅम्पडेन (सल्फाइटची) गोळी चुरून टाकली की दोन्हीची काळजी मिटते. हीच खबरदारी चहाच्या पाण्यालाही, ते विसरलं जातं. तिथे गोळीची इवलीशी चिमूट पुरे.

आता बाटल्या भरायचा दिवस. यीस्टचा गाळ मागे ठेवून साधारण १९ लिटर बिअर हाती येते. ग्लासात ठरलेला आकडा ४ मिली असेल तर ७६० मिली चहा हवा. सुकी फुलं स्वतःच्या वजनाच्या चार-पाच पट पाणी पिऊन बसतात, म्हणून १.१ लिटर पाणी आणि ५५ ग्रॅम फुलं घ्या, गाळून साडेआठशे मिलीच्या आसपास निघेल. पाणी आधी पाच मिनिटं खळाखळा उकळा, त्याने पाण्यात विरघळलेला प्राणवायू बराचसा बाहेर पडतो. गॅस बंद करून मिनिटभर थांबा, फुलं घाला, एकदाच ढवळा आणि घट्ट बसणारं झाकण लावा.

झाकणाचं महत्त्व एकदा प्रत्यक्ष बघा. सात मिनिटांनी ते उचललंत की आतल्या बाजूला बारीक थेंब जमलेले असतात. त्यातला एक बोटावर घेऊन हुंगा. पातेल्यातल्या चहापेक्षा तो थेंब जास्त सुवासिक असतो, कारण वर गेलेलं तेल तिथे अडलेलं असतं. झाकण पातेल्यावर तिरकं धरून ते थेंब आत झटका. मग उकळून घेतलेल्या कापडातून गाळा. कापड पिळायचा मोह होईल, कारण फुलांत पाव लिटर चहा अडकलेला दिसत असतो. पिळू नका. शेवटच्या त्या दाबाने बारीक भुकटी आणि कडवटपणा दोन्ही खाली येतात. जे आपसूक गळेल ते आपलं.

हा चहा दाट, गढूळ, मधाच्या रंगाचा असतो आणि नुसता चाखला तर कडू लागतो. घाबरू नका. पातेलं झाकूनच थंड पाण्यात ठेवून गार करा आणि त्याच दिवशी वापरा. चार दिवस आधी करून बाहेर ठेवलेला चहा वापरू नका. गरम पाण्याने फुलांवरचे जिवंत जंतू मरतात, पण काहींचे बीजाणू टिकून राहतात. बिअरमध्ये आम्लता, अल्कोहोल आणि हॉप्स असल्यामुळे ते वाढू शकत नाहीत. नुसत्या चहात त्यांना अडवणारं काहीच नसतं.

भरण्याआधी पुन्हा एकदा ग्लासाची परीक्षा घ्या, या वेळी खऱ्या बिअरवर आणि खऱ्या चहावर. दर वेळी फुलांचा जोर सारखा नसतो. या वेळची बिअर बिनगॅसची आहे. गॅस आल्यावर वास वर येतो आणि चव अधिक कोरडी, धारदार होते, तेव्हा आवडलेल्या मापाच्या एक पाऊल मागेच थांबा. आणि मात्रा कडवटपणावर ठरवा, वासावर नाही. वास दोन महिन्यांत ओसरतो, कडवटपणा तिथेच राहतो. ज्याने पहिल्या दिवशीच्या वासावर भुलून मात्रा वाढवली त्याच्या हातात तिसऱ्या महिन्यात फक्त कडू बिअर उरते.

प्रायमिंगची, म्हणजे बाटलीत गॅस धरण्यासाठीची, साखर लिटरला ६ ग्रॅम, म्हणजे जवळपास २० लिटरला १२० ग्रॅम. ती २०० मिली पाण्यात वेगळी उकळा. चहात मिसळून उकळायचं नाही, नाहीतर पुन्हा काढा होईल. बाटल्या भरायच्या बादलीत आधी साखरेचं पाणी, मग चहा, आणि त्यावर नळीने बिअर तळापासून शांतपणे भरू द्या, म्हणजे ती आपोआप मिसळते. फसफसवू नका, खळबळवू नका. मघाशी ज्या प्राणवायूबद्दल बोललो तो इथे आत शिरतो. तयार बिअरला हवा लागली की काही आठवड्यांत ओल्या पुठ्ठ्याची चव येते आणि कॅमोमाइल सगळ्यात आधी मरतं. बाटलीतलं यीस्ट थोडा प्राणवायू खाऊन टाकतं, पण सगळा भार त्याच्यावर नको.

चहा तयार मिश्रणाचा असेल, म्हणजे पाकिटावर 'हर्बल टी' आणि आत आठ गोष्टी, तर हिशेब बदलतो. घटकांची यादी मन लावून वाचा. मी एकदा कॅमोमाइल-पुदिन्याचं म्हणून एक पाकीट आणलं. बिअर झाली, पण प्रत्येक घोटानंतर घशात गोडवा रेंगाळायचा. फर्मेंटेशन अडकलं असं समजून तीन वेळा हायड्रोमीटर बुडवला, दर वेळी १.००९. मग पाकिटाची मागची बाजू वाचली, आत ज्येष्ठमध होता. त्यातलं गोड द्रव्य साखरेच्या कितीतरी पट गोड, आणि यीस्ट त्याला शिवत नाही. तो गोडवा काही जणांना आवडला, मला नाही. मुद्दाम हवा असेल तर गोष्ट वेगळी, पण नकळत नको.

सफरचंदाचे सुके तुकडे, बेदाणे, रोजहिप (रानगुलाबाची फळं) असं काही मिश्रणात असेल तर त्यात आंबणारी साखर आहे. ती प्रायमिंगच्या साखरेवर वरकड होते. असा चहा बाटली भरताना घालूच नका. फर्मेंटेशन निवत आलं असताना घाला आणि पुन्हा तीन दिवस घनता स्थिर होईपर्यंत थांबा. वास थोडा जाईल, बाटली मात्र फुटणार नाही. काचेची बाटली फुटणं हा या छंदातला खरा धोका आहे, बाकी सगळं चवीपुरतं. पाकिटावर पोटॅशियम सॉर्बेट दिसलं तर ते पाकीट पुन्हा फडताळात ठेवा, ते यीस्टची वाढ रोखतं आणि बाटलीत गॅस धरताना घात करू शकतं. झोपेसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या मिश्रणांत बऱ्याचदा व्हॅलेरियन (झोपेसाठी वापरली जाणारी एक मुळी) असतं, ते अल्कोहोलबरोबर घेऊ नये. कॅमोमाइलही अगदी निरुपद्रवी नाही: डेझी-शेवंतीच्या कुळातल्या फुलांची ॲलर्जी असलेल्यांना ते बाधू शकतं, आणि रक्त पातळ करणाऱ्या काही औषधांशी त्याचं पटत नाही. पाहुण्यांना ग्लास देताना त्यात काय आहे ते सांगायचं.

फेसाचं विचारलंत. फेस बसतो तो तेलाने. अख्ख्या फुलांचा चहा वरच्या मापात घातला तर फेसाला फारसा धक्का लागत नाही, गव्हाचं माल्ट उरलेलं सांभाळून घेतं. पण कॅमोमाइलच्या किंवा लिंबाच्या अर्काची बाटली आणून चार थेंब टाकलेत तर मात्र फेस डोळ्यांदेखत विरतो. कृत्रिम किंवा तेलाचा वास चोपडलेल्या टी-बॅगांचंही तेच. सोपी खूण म्हणजे गार झालेल्या चहाचा पृष्ठभाग उजेडात तिरका धरून बघा. इंद्रधनुषी तवंग दिसला तर त्या चहाला बिअरमध्ये जागा नाही.

मध घालू का, हा पुढचा प्रश्न असतोच, कारण कॅमोमाइल आणि मध ही जोडी डोक्यात बसलेली असते. घाला, पण गोडीसाठी नको. मधातली साखर जवळपास सगळी आंबते, बिअर उलट अधिक कोरडी होते. मधाचा भास हवा असेल तर म्युनिक माल्ट २०० ऐवजी ४०० ग्रॅम करा आणि तेवढं पेल माल्ट कमी करा.

कॅमोमाइल जमलं की इतर वनस्पतींकडे वळाल, म्हणून दोन शब्द. गवती चहा, नावातच चहा असलेला, हलक्या एलमध्ये फार छान जातो. ताजी पात बारीक कापून लिटरला ३ ते ५ ग्रॅम. पात चिवट असते म्हणून ८० अंशांच्या वर्टमध्ये पंधरा मिनिटंही चालते. त्याचा लिंबासारखा वास ज्या सिट्रलचा असतो ते आम्ल पेयात टिकाऊ नाही, म्हणून ही बिअर ताजीच प्या. हिबिस्कस चहा म्हणतात तो दारच्या जास्वंदीचा नसून लाल अंबाडीच्या बोंडांचा. त्याचा हिम करा. रात्रभर फ्रिजमध्ये, उकळून गार केलेल्या पाण्यात ठेवलेला हिम रंगाला स्वच्छ आणि तुरटपणाला कमी असतो. पण थंड पाण्याने जंतू मरत नाहीत, तेव्हा गाळल्यावर तो ७० अंशांपर्यंत तापवून लगेच गार करा. बोंडं स्वतः आंबट, म्हणून हॉप्स १० आयबीयूपर्यंत खाली आणा. रुइबॉस हा दक्षिण आफ्रिकेतला, टॅनिन कमी असलेला, अंगाने दणकट. त्याचा मात्र खुशाल काढा करा, दहा मिनिटं उकळलात तरी रुसत नाही. पुदिना लिटरला अर्धा ग्रॅम सुका, त्यापुढे टूथपेस्ट. लॅव्हेंडर त्याच्याही निम्मा, त्यापुढे साबण. तुळशीत युजेनॉल असतं, लवंगेचा वास ज्याचा तेच. एक ग्रॅमपासून सुरुवात करा आणि यीस्ट तटस्थच ठेवा, नाहीतर लवंगेवर लवंग चढते.

पहिल्या वेळी आणखी एक करा. १९ लिटरपैकी निम्मी बिअर चहा न घालता भरा. झाकणावर खूण करा. दोन आठवडे २० अंशांच्या आसपास ठेवून मग दोन्हीतली एकेक बाटली दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवा आणि शेजारी शेजारी ओता. काही खटकलं आणि ते दोन्ही ग्लासांत असेल तर दोष पाण्यात, यीस्टमध्ये किंवा स्वच्छतेत आहे. एकाच ग्लासात असेल तर चहात. कॅमोमाइलच्या बाटल्या आधी संपवा, सहा ते आठ आठवड्यांत. साध्या बाटल्या त्यानंतरही चांगल्या लागतात, आणि पुढचा कुठला चहा घालायचा त्याची सिरिंज-परीक्षा घ्यायला त्यातल्या दोन मागे ठेवा.